निवृत्ती कशापासून?



आमच्या तालुक्याच्या गावातील ज्येष्ठ नागरिक संघाला २०२२ साली ३० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने एक छोटी स्मरणिका काढावी आणि तीत संघाचा इतिहास द्यावा, असे ठरले. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन नुकताच संघाचा सभासद झालो होतो. हस्ताक्षर बरे आणि हाताशी वेळ, म्हणून ते काम माझ्याकडे आले. अध्यक्षांनी वाचनालयामागच्या खोलीतील लोखंडी कपाट उघडून दिले. आत इतिवृत्ताच्या नोंदवह्या, हजेरीपत्रके, पावतीपुस्तके आणि वाळवीने कडा खाल्लेल्या फायली होत्या. तो इतिहास लिहीत असताना एक प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला आणि तो अजून माझी पाठ सोडत नाही. मनुष्य निवृत्त होतो, म्हणजे नेमका कशापासून होतो? आणि तो निवृत्त झाल्यावर त्याच्याविषयीचे मुलाबाळांचे कर्तव्य कोठे संपते? हा प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरातील आहे, म्हणून तो आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम या संघांचा थोडा पूर्वेतिहास पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. पूर्वी नोकरी संपल्यानंतर फार वर्षे उरत नसत. त्यामुळे निवृत्तांच्या ज्या संघटना होत्या, त्या मुख्यतः पेन्शनरांच्या होत्या आणि त्यांचे काम हक्काचे होते. अडलेले निवृत्तिवेतन मिळवून देणे, अर्ज लिहिणे, कचेरीत पाठपुरावा करणे, हेच त्यांचे स्वरूप. या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा म्हणजे १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात दिलेला निकाल. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर प्रश्न होता, तो एका तारखेचा. ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांना सुधारित निवृत्तिवेतन आणि त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच, हा भेद न्यायालयाने रद्द केला. निवृत्तिवेतन ही सरकारच्या मर्जीवरची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, हे त्या निकालाने स्पष्ट झाले. आजही देशभर १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

परंतु माणसाला केवळ वेतन पुरत नाही, हेही याच काळात लक्षात येऊ लागले. १९८० साली महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ उभा राहिला. १९८२ मध्ये व्हिएन्ना येथे वृद्धत्वाच्या प्रश्नावर पहिली जागतिक परिषद भरली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरविला आणि १९९९ साली भारत सरकारने ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. गावोगावी संघ निघू लागले. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याप्रमाणे अशा संस्थेला किमान सात सभासद लागतात. सकाळी फिरायला जाणारे, बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारे सात जण एकत्र आले की संघाचा पाया पडत असे. येथे एक मोठा बदल घडला. पेन्शनरांच्या संघटनेत येण्यासाठी पेन्शन लागत होती. ज्येष्ठ नागरिक संघात येण्यासाठी फक्त वय पुरेसे होते. मागणी करण्यासाठी जमणारी माणसे आता सोबतीसाठी जमू लागली.

आमचा संघही असाच १९९२ साली निघाला. पहिल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर सात सह्या आहेत. त्यांतील चौथी सही माझ्या वडिलांची आहे.

वाचकहो, मी त्या सहीकडे बराच वेळ पाहत राहिलो. अब्बा टपाल खात्यातून १९८९ साली निवृत्त झाले होते. असरची नमाज झाली की ते बाहेर पडत आणि मगरिबला मशिदीत पोहोचत. मधला वेळ ते “वाचनालयाकडे” असतात, एवढेच घरात ठाऊक होते. ते संघाच्या संस्थापकांपैकी एक होते, हे मला त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी कळले. त्यांच्याच घरात राहून, त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवणाऱ्या मुलाला!

मी हजेरीपत्रके चाळू लागलो. पावसाळा असो की उन्हाळा, अब्बांची सही जवळजवळ रोज होती. मग इतिवृत्तात ठिकठिकाणी त्यांचे नाव सापडू लागले. नोव्हेंबर महिना आला की बँकेच्या दाराशी बसून इतर पेन्शनरांचे हयातीचे दाखले भरून देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांच्या मनीऑर्डरीचे फॉर्म ते लिहीत. एका सभासदाची दृष्टी गेली, तेव्हा अब्बा आठवड्यातून तीन दिवस त्यांच्या घरी जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवीत, असा उल्लेख त्या सभासदाच्या शोकसभेच्या नोंदीत आहे. २००७ साली अब्बांचे निधन झाले. त्यांच्या शोकसभेची नोंद दीड पानाची आहे. त्या सभेला घरातले कोणीही उपस्थित नव्हते. बहुधा निरोप आला असेल आणि मी शिकवणीत गुंतलो असेन.

संघातील एक वृद्ध गुरुजी अब्बांच्या काळापासूनचे आहेत. मी त्यांना या नोंदींविषयी विचारले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “तुमचे वडील रोज सर्वांच्या आधी येऊन बसायचे. मी एकदा विचारलं, चाचा, घरी करमत नाही का? तर म्हणाले, ‘घरी काही कमी नाही. मुलगा फार गुणी आहे. पण बिचारा दमून येतो, त्याच्याशी काय बोलणार?’ मग रात्री अंधारात जिना चढताना भीती वाटते, हे ते आम्हाला सांगायचे. तुम्हाला सांगितलं होतं का हो?”

नव्हते सांगितले. किंवा सांगितले असेल आणि मी ऐकले नसेन. आमच्या जिन्यावर दिवा लावायला एका दिवसाचे काम होते.

मी अब्बांना उपाशी ठेवले नाही. औषधे वेळेवर आणली, ईदला कपडे शिवले, डोळ्यांची शस्त्रक्रिया केली. कोणी विचारले असते, तर मी आईवडिलांचा हक्क पाळणारा मुलगा आहे, असे निःशंक सांगितले असते. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्यानुसार ज्यांची मुले सांभाळ करीत नाहीत, त्यांना प्राधिकरणाकडे दाद मागता येते आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. त्या कायद्याच्या कसोटीवर मी पूर्ण निर्दोष ठरलो असतो. परंतु कायदा अन्न, वस्त्र, निवारा आणि औषध यांपर्यंतच पोहोचू शकतो. मुलाने बापाशी बोलले पाहिजे, असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.

तो हुकूम कुरआनने दिला आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२३-२४) अल्लाहने आपल्या एकमेव उपासनेच्या आदेशाला लागूनच आईवडिलांशी सद्‌वर्तनाचा आदेश दिला. लक्षात घ्या, तेथे भाकरीचा उल्लेख नाही, औषधाचाही नाही. तेथे उल्लेख आहे तो शब्दांचा: त्यांच्यापुढे त्रासिक उद्गारही काढू नये, त्यांना झिडकारू नये, त्यांच्याशी आदराने बोलावे. त्यानंतर दयेपोटी नम्रतेचे पंख त्यांच्यापुढे झुकविण्याची आज्ञा आहे. आदराने बोलावे, या आज्ञेत बोलणे आहेच. जो मुलगा बापाला उलट उत्तर देत नाही, पण त्याच्याशी बोलतही नाही, त्याने आज्ञेचा अर्धा भाग पाळला आणि अर्धा सोडला. मी त्या दुसऱ्या अर्ध्यात कमी पडलो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, घरे जर कर्तव्य पाळत असती, तर या संघांची गरजच पडली नसती. संघ हे कुटुंब मोडल्याचे लक्षण आहे. मलाही प्रथम तसेच वाटले आणि त्या कपाटाचा राग आला. पण विचारांती हे म्हणणे पटत नाही. कितीही प्रेमळ घर असले, तरी समवयस्काची जागा मुलगा घेऊ शकत नाही. जो काळ दोघांनी एकत्र पाहिला, त्याविषयी बोलायला त्याच काळातला माणूस लागतो. बाप संघात जातो, यात दुःख नाही. तो घरातून निसटण्यासाठी जातो की घरी परतून सांगण्यासारखे काही आणण्यासाठी जातो, हा खरा प्रश्न आहे. संध्याकाळी तो परत आला की “आज काय झाले?” असे विचारणारे कोणी घरात असेल, तर संघ घराला जोडलेला राहतो. विचारणारे कोणी नसेल, तर माणूस दोन ठिकाणी राहतो आणि आपण त्याला ज्या ठिकाणी पाहतो, ते त्याचे घर उरलेले नसते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. ती माझ्यासारख्या निवृत्तांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाचा बहुतेक कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. त्या दिवशी हार घालतात, शाल देतात आणि “आता आराम करा” असे सांगतात. इस्लामने मात्र माणसाला अशी कोणतीही तारीख दिलेली नाही. मोकळे होणे यासाठी कुरआनात सूरह इन्शिराहमध्ये (९४:७) जो शब्द आला आहे, त्याच धातूपासून आपला ‘फारिग’ हा शब्द आला. आपण फारिग म्हणतो आणि आडवे होतो. त्या आयतीत मात्र एका कामातून मोकळे झाल्यावर पुन्हा परिश्रमाला लागण्याची सूचना आहे. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांविषयी सावध केले आहे की, त्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात. फुरसत ही देणगी असेल, तर तिचाही हिशेब द्यावा लागणार.

ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांचे उदाहरण आपण जाणतो. ह. उमर (रजि.) खलीफा झाले आणि इ. स. ६३४ मध्ये शामच्या मोहिमेचे सरसेनापतिपद खालिद (रजि.) यांच्याकडून ह. अबू उबैदा (रजि.) यांच्याकडे गेले. काल ज्यांना आज्ञा दिली, त्यांच्या आज्ञेत आज उभे राहायचे, हे किती कठीण असेल! परंतु त्यांनी तंबू गुंडाळला नाही. ते अबू उबैदा (रजि.) यांच्या हाताखाली लढत राहिले. पद गेले, काम राहिले. आपल्यापैकी अनेकांचे उलट होते. पद गेल्यावर कामही सोडतो, आणि मनात मात्र पद धरून ठेवतो. घरात सुनेवर, नातवांवर आणि संघात इतर सभासदांवर साहेबी चालवतो. आमच्या नोंदवह्यांत अध्यक्षपदावरून झालेल्या भांडणाची काही पाने आहेत. ती वाचताना जाणवते की, निवृत्ती नोकरीपासून झाली होती, अहंकारापासून नव्हे.

आणखी एक हदीस या वयात नव्याने समजते. कयामत येऊन ठेपली आणि कोणाच्या हातात रोप असेल, तर शक्य असल्यास त्याने ते लावावे, असा तिचा आशय आहे. ज्या झाडाची सावली कोणालाही मिळणार नाही, ते का लावायचे? कारण फळ देणे हे अल्लाहचे काम आहे; दासाचे काम लावण्याचे आहे. अब्बांनी नोव्हेंबरमध्ये बँकेच्या दाराशी बसून भरलेले ते दाखले हे असेच एक रोप होते. त्यांचे नाव त्या कागदांवर कोठेही नव्हते.

काही बंधू विचारतात की, सर्वधर्मीयांच्या अशा संघात आपल्या वडीलधाऱ्यांनी का जावे. मशिदीची पायरी काय वाईट आहे? मशिदीची पायरी उत्तमच आहे आणि ती कोणी सोडूही नये. परंतु प्रेषितांच्या (स.) तरुणपणातील ‘हिल्फुल फुजूल’चा प्रसंग आठवावा. मक्केत एका परक्या व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याचे पैसे बुडविण्यात आले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोक जमले आणि पीडित कोणीही असो, त्याला हक्क मिळवून देण्याचा करार त्यांनी केला. त्या करारात मुहम्मद (स.) सामील होते. प्रेषितत्व प्राप्त झाल्यानंतरही, तशा करारासाठी आज बोलावणे आले तरी आपण ते स्वीकारू, असे त्यांनी सांगितल्याचे चरित्रग्रंथांत आहे. भल्या कामासाठी एकत्र येताना शेजाऱ्याचा धर्म आड येऊ नये, याला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा? अब्बा असर आणि मगरिब यांच्यामध्ये संघात बसले. त्यांची एकही नमाज त्यापायी चुकली नाही, आणि एका दृष्टिहीन शेजाऱ्याला रोजचे जग ऐकायला मिळाले.

मात्र संघाच्या इतिहासात जे लिहिलेले नाही, तेही पाहिले पाहिजे. ‘निवृत्त’ हा शब्दच मुळात ज्याला नोकरी होती त्याचा आहे. मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार, शिंपी, हातगाडीवाला, गॅरेजमधला मिस्त्री यांना कोणी शाल देत नाही. हात चालेनासे होतात, तोच त्यांच्या निवृत्तीचा दिवस. आणि दुसऱ्या दिवसापासून वेतन बंद. आपल्या समाजातील फार मोठा वर्ग असाच आहे. आणि आपल्या अम्मी? त्यांना तर कोणत्याही वयात निवृत्ती नाही. आमच्या पहिल्या नोंदवहीत दहा वर्षे एकाही स्त्रीचे नाव नाही. त्या संध्याकाळी त्या कोठे होत्या, हे सांगायला नोंदवही लागत नाही. त्या चुलीपाशी होत्या.

इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये ह. उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आहे. दारोदार भीक मागणारा एक वृद्ध, दृष्टिहीन यहुदी त्यांना दिसला. वय आणि गरज यांमुळे, आणि त्यातच जिझिया भरावा लागत असल्यामुळे, त्याच्यावर ही पाळी आली होती. ते त्याला हाताला धरून घरी घेऊन गेले, काही दिले आणि बैतुलमालच्या अधिकाऱ्याला कळविले की, याची आणि याच्यासारख्यांची काळजी घ्या. तारुण्यात त्याच्याकडून घ्यायचे आणि म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडायचे, हा न्याय नव्हे. त्याचा जिझियाही माफ केला. सर्वोच्च न्यायालयासमोर १९८२ साली जो प्रश्न आला, त्याच्या मुळाशी असलेला विचार यात आहे. इतकेच की उमर (रजि.) यांनी त्या वृद्धाकडे नोकरीचा दाखला मागितला नाही.

तेव्हा वाचकहो, मोठमोठ्या योजना बाजूला ठेवून काही साध्या गोष्टी आपण करू शकतो. आपल्या मोहल्ल्यात साठीपुढची किती माणसे एकटी बसतात, याची यादी मशिदीच्या कमिटीने करावी. कोकणातील ज्या घरांतील मुले आखातात आहेत, तेथे पैसे वेळेवर येतात. पण डॉक्टरकडे सोबत कोण जाते, हे विचारावे. ज्या कामगाराला कोणतेही निवृत्तिवेतन नाही, त्याचे शासकीय योजनांचे अर्ज गावातल्या निवृत्त कारकुनाने भरून द्यावेत. संघाने आपल्या अम्मींसाठी सोयीची वेळ आणि जागा ठेवावी, आणि घरातल्यांनी त्या वेळेपुरता स्वयंपाक हाती घ्यावा. यांपैकी कशालाही निधी लागत नाही. वेळ लागतो, आणि तोच तर निवृत्तांकडे आहे.

स्मरणिकेसाठी मी इतिहास लिहून दिला. त्यात अब्बांविषयी इतरांइतक्याच चार ओळी आहेत. त्यांना अधिक आवडले नसते. जिन्यावर मात्र आता दिवा आहे. तो लावताना माझ्या मुलाने विचारले, “अब्बा, इतकी वर्षे का नव्हता लावला?” मी त्याला सगळे सांगितले. त्यानंतर तो रोज रात्री दहा मिनिटे माझ्याजवळ येऊन बसतो. मला काय बोलावे ते नेहमी सुचते असे नाही, पण तो बसतो.

ज्यांचे आईवडील हयात आहेत, त्यांनी हा अंक मिटल्यावर उठून त्यांच्याजवळ जावे आणि आज दिवस कसा गेला, एवढेच विचारावे. उत्तर लांबेल. ऐकून घ्यावे. ज्यांचे आईवडील आता नाहीत, त्यांच्यासाठी दुआचे दार उघडे आहे, आणि त्यांच्या मित्रांशी नाते राखण्याचेही; प्रेषितांनी (स.) वडिलांच्या मित्रांशी संबंध टिकविणे हे मोठे सत्कर्म म्हटले आहे. मी आता दर जुम्याला त्या गुरुजींच्या घरी जातो.

अल्लाह आमच्या आईवडिलांवर, त्यांनी आम्हाला लहानपणी वाढविले तशी, दया करो. आमच्या फुरसतीचा हिशेब सोपा करो. आणि शेवटचा श्वास येईपर्यंत कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची शक्ती आम्हास देवो. आमीन.